एकाच ताग्यातले घागरे

सोमवार, ९ मार्च २०२६

२४ फेब्रुवारीच्या पानावर मी एक खोटी गोष्ट लिहिली आहे. जाणूनबुजून नाही, पण खोटी. ते पान मी फाडलेलं नाही. चुकीच्या ओळींवर एकच आडवी रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी, आणि कडेला आजची तारीख घातली. बाबांनी तसंच शिकवलंय. ते पुण्याला हवामान खात्यात होते. आईला इथे परदेशात हॉस्पिटलात नर्सची नोकरी लागली म्हणून सगळे आलो. बाबांना काम मिळेना, तेव्हा मी दहा वर्षांची होईपर्यंत त्यांनीच मला घरी शिकवलं. वहीच्या डाव्या पानावर ‘पाहिलं’, उजव्या पानावर ‘वाटलं’. ढग दिसला तर डावीकडे, पाऊस येईलसं वाटलं तर उजवीकडे.

२४ तारखेला मी डावीकडे लिहिलं होतं: ‘सव्वातीनला शाळेच्या गेटबाहेर झांबिला पाठमोरी दिसली. डोक्याला रुमाल, मागे गाठ, लग्न झालेल्या बाया बांधतात तसा. पंचवीसेक वर्षांच्या माणसानं तिच्या खांद्यावर हात ठेवला. ती त्याच्या गाडीत बसून गेली.’

ती झांबिला नव्हती. तिची वहिनी होती, रोदिका. आणि तो माणूस रोदिकाचा नवरा, झांबिलाचा थोरला भाऊ मारिन.

आज सव्वातीनला दोघी गेटजवळ शेजारी शेजारी उभ्या होत्या. सारखी उंची, सारखे खांदे, आणि कमरेपासून घोट्यापर्यंत तोच बारीक चुण्यांचा, लाल गुलाबांचा घागरा. एकाच ताग्यातला. एकीच्या डोक्यावर रुमाल, दुसरीच्या पाठीवर दोन वेण्या. झांबिलानंच ओळख करून दिली: ही वहिनी, तो गाडीत बसलाय तो मारिन. मी पिवळं जॅकेट घालून गेट धरून उभी होते. त्या दिवशी मी माणूस पाहिलंच नव्हतं. कापड पाहिलं होतं.

झांबिलाचे लोक रोमा. रोमानियातून आलेले, एके काळी तांब्याची भांडी घडवणारे. आता बाप आणि मारिन भंगार गोळा करतात. झांबिला तेरा वर्षांची आहे. मी या शाळेत अटेंडन्स असिस्टंट आहे, सप्टेंबरपासून. ही वही माझी, इथे मी रेघ मारू शकते. पण त्याच ओळी मी शाळेच्या सिस्टिममध्येही घातल्या होत्या, आणि खाली माझं एक वाक्य जास्तीचं: ‘रोमा समाजात हा विवाहित स्त्रीचा पोशाख आहे.’ ट्रेनिंगच्या पुस्तिकेत वाचलेलं. ते उजव्या पानावरचं वाक्य होतं. सिस्टिमला उजवं पान नाही.

मंगळवार, १० मार्च

सकाळी गणिताच्या जादा तासाची हजेरी शोधून काढली. २४ फेब्रुवारी, तीन ते पावणेचार. झांबिलाची सही आहे. म्हणजे मी तिला गेटबाहेर पाहिलं तेव्हा ती वर्गात बसून अपूर्णांक करत होती.

कागद घेऊन मिसेस हॅलमकडे गेले. मुलांच्या सुरक्षिततेचं सगळं त्या बघतात. (त्यांचं बोलणं मराठीत लिहिते आहे. अर्थ बदलू नये म्हणून जपून.)

“ये शाल्मली, बस. दमलेली दिसतेस. चहा घेणार?”

मी म्हटलं, चहा नको, माझी एक नोंद चुकीची आहे, ती काढायची आहे.

त्यांनी सही बघितली. “हं. पण सह्या काय, मुली एकमेकींच्या करतात.”

“मी स्वतः दोघींना एकत्र पाहिलं काल. मी ओळखायला चुकले.”

“तेव्हा तुझी खात्री होती ना? खात्री होती म्हणूनच लिहिलंस.” त्या हसल्या. फार चांगलं हसतात. “हे बघ, तू एकटी नाहीस. तुझी नोंद वाचल्यावर आणखी दोन टीचर्सनी लिहिलंय की त्यांनाही तिच्या डोक्यावर रुमाल दिसला होता.”

“माझी नोंद वाचल्यावर?”

“हो ना. तू सुरुवात केलीस म्हणून त्यांना धीर आला. आणि जानेवारीत अचानक घागरा. आठवड्यातून एखादा दिवस गैरहजर. मी तिला विचारलं, घागरा का घालायला लागलीस, तर तोंडातून शब्द नाही. मान खाली. शिकवून ठेवलेली मुलं अशीच गप्प बसतात.”

नोंद काढता येत नाही म्हणाल्या. बदलताही येत नाही. खाली ‘नंतरचा विचार’ म्हणून एक ओळ जोडता येईल, ती त्या स्वतः जोडतील. “आणि तुझं बॅकग्राउंड आम्हाला फार उपयोगी आहे. तुमच्याकडेही बालविवाह असायचेच की पूर्वी. तुला जे दिसतं ते आम्हाला दिसत नाही.”

उठताना म्हणाल्या की ईस्टरनंतरच्या कायम जागेसाठी माझं नाव त्यांनी पुढे केलंय. मी थँक्यू म्हटलं. माझ्याशी त्या फार चांगल्या वागतात.

शुक्रवार, १३ मार्च

शाळेत कल्चर डे. सगळ्यांनी आपापल्या पारंपरिक वेशात यायचं. मी आईचं इरकल नेसले. निऱ्या तीनदा घातल्या तरी एक खाली राहिलीच. आठवीतला एकजण जिन्यावरून ओरडला, “मिस, कुणाचं लग्न?” पीईचे सर टिकलीकडे बघून म्हणाले, “तुझं लग्न झालंय हे माहीत नव्हतं.” मी सांगितलं, झालेलं नाही, टिकली कुणीही लावतं. ते म्हणाले, “ओह, सॉरी.” संपलं. अर्ध्या मिनिटात संपलं.

झांबिला रोजच्याच घागऱ्यात आली होती, वर शाळेचा स्वेटर. काल दुपारच्या सुट्टीत ती त्याच घागऱ्यासाठी डिटेन्शनमध्ये, शिक्षेला बसली होती. यादी मीच टाइप करते: ‘युनिफॉर्म नियमभंग, सतरावी वेळ’. आज हेडमास्तरांनी तिला हॉलमध्ये सगळ्यांत पुढे उभं केलं. फोटो काढायला.

फोटो झाल्यावर ती माझ्याकडे आली. “मिस, आज डिटेन्शन नाही?”

“नाही. आज नाही.”

“सोमवारी?”

मी खाली राहिलेली निरी सावरायला लागले.

“सोमवारी आहे,” ती म्हणाली आणि हसली. मग माझ्या पदराचा काठ दोन बोटांत धरून उलटा करून बघितला, कापड बघणाऱ्या बायका बघतात तसा. “हे हातमागाचं आहे. माझ्या आईला दाखवा. ती वेडी होईल.”

“तू आईला सांग ना, की साधा काळा लांब स्कर्ट चालेल. मी शाळेला विचारीन.”

ती एकदम मोठ्या बाईसारखी दिसली. “मिस, काळा आम्ही कुणी मेल्यावर घालतो.”

दुपारी फोटो शाळेच्या पेजवर गेला. मी आणि ती शेजारी शेजारी, नावांसकट. शाळा सुटेपर्यंत खाली दोनशे चौदा कॉमेंट्स. एवढ्या लोकांना पोशाखाचं कौतुक आहे याचं बरं वाटलं. कामाच्या वेळेत वाचायच्या नाहीत म्हणून वाचल्या नव्हत्या. घरी आल्यावर बघितलं तर शाळेनं कॉमेंट्स बंद केल्या होत्या.

शनिवार, १४ मार्च

दुकानात जाताना झांबिलाच्या गल्लीवरून गेले. मागच्या दोरीवर पाच घागरे वाळत होते, माणसांच्या डोक्याच्या उंचीच्या खाली, जमिनीला टेकणार नाहीत इतपत. खांबांवर इथल्या देशाचे नवे झेंडे लागलेत. एका माणसानं व्हॅन हळू केली आणि खिडकीतून घागऱ्यांचा व्हिडिओ काढला. रंग आहेतच तसे. मग घराचा नंबरही काढला.

मंगळवार, १७ मार्च

मी मिसेस हॅलमना ईमेल केली होती, चार मुद्दे, गणिताच्या सहीची प्रत जोडून. त्यांनी उत्तर दिलं नाही, बोलावून घेतलं.

“ईमेल नको करूस, शाल्मली. काय असेल ते तोंडी सांगत जा. ईमेल फाइलला लागते.”

“मला ती फाइललाच लावायची होती.”

“तुला माहितेय ना, आता हे माझ्या एकटीच्या हातात नाही?”

मग सांगितलं. मीटिंग ठरली आहे: शाळा, कौन्सिलचे बालकल्याणाचे लोक, पोलीस. आई-बापांना बोलावलेलं नाही, त्यांना आधी कळूही द्यायचं नाही. झांबिलाला घरातून तूर्त दुसरीकडे ठेवायचं का, हे त्या दिवशी ठरेल. गुरुवार, २६ मार्च, दुपारी दोन. मूळ नोंद माझी, म्हणून मलाही बसवणार.

“म्हणजे मला तिथे सांगता येईल?”

“विचारलं तर सांग. थोडक्यात.”

मी विचारलं, तोवर काही होणार नाही ना. त्या म्हणाल्या, तोवर काही नाही. “फक्त ते निघून गेले तर. असं कुटुंब मीटिंगच्या आधी नाहीसं झालं तर प्रश्नच मिटतो. मग ती हरवलेली मुलगी. बंदरं, विमानतळ, सगळीकडे तिचा फोटो. मग कुणी सही-बिही बघत बसत नाही.” घड्याळाकडे बघितलं. “पण ते कशाला जातील? त्यांना माहीतच नाही.”

आता माझ्याजवळ नऊ दिवस आहेत. नऊ दिवस पुष्कळ झाले. एकच गोष्ट उरते: झांबिलानं जानेवारीपासून घागरा का घातला, हे मला ठाऊक नाही. ठाऊक नसताना उभी राहिले तर पुन्हा उजव्या पानावरचंच बोलेन.

गुरुवार, १९ मार्च

पाडवा. बाबांनी मागच्या अंगणात गुढी उभारली. खण आईच्या जुन्या पोलक्याचा, तांब्या आजीचा. कडुनिंब नाही मिळाला, ओव्याची पानं घातली. शेजारच्या बाईंनी कुंपणावरून विचारलं, हा कसला झेंडा? बाबा म्हणाले, “नवीन वर्षाचा.” त्या म्हणाल्या, “सध्या काही लावू नका हो बाहेर. मी तुमच्याच भल्यासाठी सांगते.” बाबांनी गुढी संध्याकाळी उतरवायची ती दुपारीच उतरवली. मी कारण विचारलं तर म्हणाले, वारा आहे. वारा नव्हता.

स्टाफरूममध्ये मी आत गेले की बोलणं थांबतं. आज थांबायच्या आधी एक वाक्य ऐकू आलं: “आपली नवरी आली का आज शाळेत?” आणि सगळे हसले. मीटिंग गुपित ठेवायची म्हटलं होतं. त्यामुळे ते दुसऱ्या कशाबद्दल तरी बोलत असणार.

शनिवार, २१ मार्च

जे केलं ते सगळं लिहिते, चुकलं असेल तरी.

झांबिलाची आई विओरिका शनिवारी सकाळी लाँड्रेटमध्ये, नाणी टाकून कपडे धुवायच्या दुकानात, असते हे मला माहीत होतं. आमचं मशीन बिघडलेलं नाही. मी बाबांच्या चार चादरी घेऊन गेले, म्हणजे खोटेपणा तिथूनच सुरू झाला.

तिनं दोन मशीन घेतली होती. एकात शर्ट, ब्लाउज, टॉवेल. दुसऱ्यात, अगदी कोपऱ्यातल्या, घागरे; त्यात आधी नुसतं कढत पाणी फिरवून घेतलं. कमरेवरचं वेगळं, कमरेखालचं वेगळं. एक मोजा चुकून पहिल्या ढिगात आला तो तिनं दोन बोटांनी उचलून टाकला. मला बाबांची आत्या आठवली, काठीनं सोवळं वाळत घालणारी. विटाळ हा शब्द मला इंग्रजीत सांगता येत नाही. तिला सांगायची गरजच नव्हती.

“तू गेटवाली मिस,” ती म्हणाली. (तिचं इंग्रजी तुटक आहे. मी सरळ करून लिहिते, शब्द तिचेच.) “फोटोत साडीवाली. जवळून कापड दाखवलं नाहीस.”

मी म्हटलं, पुढच्या वेळी आणीन. मग माझ्या तोंडून ते निघालंच, की तुमचे रोमा पूर्वजही आमच्याच देशातून निघालेले.

“हो, हो. प्रत्येक ऑफिसात एक बाई मला हे सांगते.” तिनं हात पुढे केला. “मग दे तिकडचा पासपोर्ट.”

मी हसले. तीही हसली. तिचा एक दात सोन्याचा आहे. मग मी विचारलं, झांबिलानं घागरा का घातला.

ती हसायची थांबली. समोर एक म्हातारा शर्टांच्या घड्या घालत होता. तो जाईपर्यंत ती ड्रमकडे बघत राहिली. तो गेल्यावर अगदी हळू म्हणाली, “डिसेंबरमध्ये ती मोठी झाली.”

मला कळलं. आमच्या आजीच्या वेळी न्हाण आल्यावर मुलीला लुगडं नेसवत. तसंच.

“घागरा तेव्हापासून. पुढून एप्रन, घागरा अन्नाला लागू नये म्हणून. रुमाल वेगळा. रुमाल नवऱ्याबरोबर येतो. तिला कुठला नवरा? तिला फार्मसीत काम करायचंय, पांढऱ्या कोटात.” ती पुन्हा हसली, पण थोडंच. “हे तिच्या बापानंही तोंडानं विचारलं नाही. त्यानं घागरा पाहिला, त्याला कळलं. घागरा त्यासाठीच असतो, कुणाला बोलावं लागू नये म्हणून. तुमच्या शाळेतल्या बाईनं तिला विचारलं, आणि खोलीत एक पुरुष बसला होता लिहून घ्यायला. पोर तीन दिवस जेवली नाही. लाजेनं.”

तो शब्द तिनं तिच्या भाषेत म्हटला, आणि तो आमचाच होता.

म्हणजे झांबिला गप्प बसली ती शिकवल्यामुळे नाही. आणि तिला वाचवायचं तर मला तेच बोलावं लागेल, जे बोलण्यापेक्षा ती उपाशी राहिली. पोलिसांसमोर. तिच्या परवानगीशिवाय ते माझ्यानं होणार नाही. म्हणून मी सांगितलं. सांगायचं नव्हतं ते सांगितलं: माझी नोंद, दोघींचा एकच घागरा, मीटिंग, झांबिलाला दुसरीकडे ठेवण्याचं बोलणं. वाटलं, ती मला मारेल.

तिनं मारलं नाही. आवाजही चढवला नाही. मशीन थांबलं तसं दार उघडून ओले घागरे एकेक करून पिळू लागली, आधीच पिळलेले.

“माझ्या मावशीची तीन मुलं,” ती म्हणाली, “अशीच एका मीटिंगमध्ये गेली.” कुठल्या देशात ते सांगितलं नाही. मग म्हणाली, “कोणता दिवस?”

“गुरुवार. दोन वाजता.”

“त्याच्या आधी कुणी येणार नाही?”

“नाही. तोवर काही नाही, असं सांगितलंय मला.”

“गुरुवार,” ती म्हणाली. बोटांवर मोजलं. “तू सांगशील त्यांना? सगळं? की तू चुकलीस?”

“सांगीन. झांबिलाचं ते... तेही सांगू का?”

“सांग. गुरुवारी सांग. पण तोवर कुणालाच नाही. त्या बाईला नाही, घरी नाही. मला वचन दे.”

मी वचन दिलं. तिनं माझा हात धरला नाही, पण माझ्या ओल्या चादरी उचलून ड्रायरमध्ये घातल्या आणि स्वतःची नाणी टाकली. मी नको नको म्हणत होते. तिचे घागरे तिनं न वाळवताच पिशवीत भरले. घाईत असावी.

येताना खूप हलकं वाटलं. तिनं इतकं शांतपणे घेतलं. आता आम्ही दोघी एका बाजूला आहोत.

रविवार, २२ मार्च

विओरिकाच्या घरासमोर मारिनची व्हॅन उभी, मागचं दार उघडं. आत गाद्या, शिलाई मशीन, गुंडाळलेले गालिचे. त्यांच्याकडे वसंतात सगळं घर बाहेर काढून साफ करतात असं पुस्तिकेत होतं. पण पुस्तिकेवर आता माझा विश्वास नाही, तेव्हा उजवीकडेच लिहिते. दारावर कुणीतरी लाल रंगानं काहीतरी लिहिलेलं होतं, रोदिका ब्रशनं घासत होती. अर्धंच वाचता आलं. उरलेलं वाचायला थांबले नाही.

सोमवार, २३ मार्च

झांबिलानं लायब्ररीची पाच पुस्तकं परत केली. दोन अजून तीन आठवडे ठेवता आली असती, असं मी म्हटलं. ती म्हणाली, “वाचून झाली.” त्यातलं एक केमिस्ट्रीचं होतं, पुढच्या वर्षीचं. लॉकरची किल्लीही दिली, कुलूप अडकतं म्हणून. मी दुरुस्तीच्या यादीत घातलं.

दुपारच्या सुट्टीत डिटेन्शनला बसली. बाहेर येताना माझ्यापाशी थांबली.

“मिस, तुम्ही घरी शिकलात ना? शाळेत न जाता?”

“दहा वर्षांची होईपर्यंत. तुला कुणी सांगितलं?”

“तुम्हीच. सप्टेंबरमध्ये.” मी विसरले होते. “घरी शिकून पुढे सगळं करता येतं?”

“येतं. पण का? तुला शाळा आवडते ना?”

“आवडते,” ती म्हणाली. मग थोडा वेळ उगाच उभी राहिली. “अपूर्णांक मला आता येतात. सांगाल सरांना?”

सांगितलं मी सरांना. ते खूश झाले.

सव्वातीनला गेटवर रोदिका आली नव्हती, विओरिका स्वतः आली. माझ्याकडे बघून मान हलवली. मी दोन बोटं वर केली: दोन वाजता. तिनं पुन्हा मान हलवली.

मंगळवार, २४ मार्च

झांबिला गैरहजर. सकाळी आठला आईचा फोन, दाताच्या डॉक्टरकडे नेतेय, उद्याही येणार नाही. मी ‘वैद्यकीय’ असं मांडलं. मिसेस हॅलमनी तीनदा विचारलं, फोन खरंच आला होता का. खरंच आला होता. मी तेच सांगितलं.

शाळा सुटल्यावर झांबिलाच्या गल्लीवरून आले. खिडक्यांना पडदे नाहीत. धुवायला काढले असतील. त्या घराइतकं धुणं मी कुठे पाहिलं नाही. व्हॅन नव्हती. मागची दोरीही काढलेली.

घरी आल्यावर राहवलं नाही. विओरिकाचं काही न सांगता बाबांना फक्त माझी चूक सांगितली, आणि गुरुवारी ती सगळ्यांसमोर कबूल करणार आहे हेही. ते ताट पुसत होते, पुसायचे थांबले.

“गुरुवारी कशाला? आत्ता कर फोन.”

“मीटिंग गुरुवारी आहे, बाबा. तिथे सगळे एकत्र असतील. त्याआधी बोलायचं नाही असं... असं ठरलंय.”

“कुणाशी ठरलंय?”

मी पुसलेल्या वाट्या फळीवर ठेवायला लागले.

“अगं, वादळ दिसलं तर आम्ही सकाळच्या बुलेटिनची वाट बघत नव्हतो. तेव्हाच्या तेव्हा तार करायचो, मग साहेब ओरडू देत.”

“बाबा, तुम्हीच तर शिकवलंत, सगळं रीतीनं करायचं.”

ते माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, “ती मुलगी आज आली होती शाळेत?”

“दाताच्या डॉक्टरकडे गेलीय.”

“हं,” म्हणाले, आणि पुसलेलंच ताट पुन्हा पुसायला घेतलं. बाबा आता म्हातारे व्हायला लागलेत, उगाच काळजी करतात.

माझी तयारी झाली आहे. गणिताच्या हजेरीची प्रत, तिच्या तीन सह्या शेजारी शेजारी चिकटवून. दोघींना एकत्र पाहिल्याची माझी नोंद, इंग्रजीत करून. घागऱ्याचं कारण कागदावर लिहिलेलं नाही, ते फाइलला लागू नये म्हणून. ते तोंडानं सांगणार, आणि आधी विनंती करणार की त्या वेळी पुरुषांनी खोलीबाहेर जावं. नकार दिला तरी सांगणार. कायम जागा मिळणार नाही, हेही मी मनाशी धरलंय. काळा कोट घालणार होते. नाही घालणार.

पहिलं वाक्य आरशासमोर आठ वेळा म्हणून पाहिलं: ‘मी पाहिलं नव्हतं, आणि पाहिलं म्हणून लिहिलं.’ आठव्यांदा आवाज कापला नाही.

उद्याचा एक दिवस मध्ये आहे. तो कसा जाईल कळत नाही. मी बोलणार आहे ते गुरुवारी, २६ मार्चला, दुपारी दोन वाजता.